एसओएस म्हणजे धोका नाही हो, अन् साइन डाय म्हणजे कोणी मेलं नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा जुना वाचक, धंद्यानं मेडिकल स्टोअरवाला, नागपुरात मेडिकल चौकाच्या बाजूला बावीस वर्षांपासून काउंटरमागे उभा आहे. पत्रं लिहायची सवय नाही, हात बिलबुकावरच चालतो, त्यामुळे कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. पण हिवाळी अधिवेशनाच्या वेळची एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात फिरून राहिली, म्हणून बसलो लिहायला.

माझ्या दुकानात सकाळी एक काका येतात, शुगरची गोळी नेतात, अन् पेपर माझाच वाचतात, स्वतः कधी विकत घेत नाहीत (हे तुम्हाला मुद्दाम सांगून राहिलो). त्या दिवशी पहिल्या पानावर तुमची बातमी होती, 'विधानसभा साइन डाय तहकूब'. काका चष्मा वर करून म्हणाले, "भाऊ, विधानसभेत कोण वारलं?" म्हटलं कोणीच नाही, काऊन? त म्हणे, "हे पहा ना, डाय लिहिलं आहे." दुकानात चार गिऱ्हाईक उभे होते, सगळे हसले, मीही हसलो, पण खरं सांगतो साहेब, मलाही अर्थ माहीत नव्हता. रात्री घरी जाऊन मुलीच्या डिक्शनरीत पाहिला. ते इंग्रजी नाहीच, लॅटिन आहे. सिने म्हणजे शिवाय अन् दिए म्हणजे दिवस, म्हणजे पुढची तारीख न देता उठणं. इंग्रज लोकांनी त्याचा उच्चार साइनी डाय केला अन् आपण त्यातलंही एक अक्षर खाल्लं. आता सांगा, आपल्याकडे 'बेमुदत' हा शब्द नाही का? बेमुदत संप, बेमुदत उपोषण, तुमच्याच पेपरात रोज असतं, पोराटोरांना समजतं. बे म्हणजे शिवाय, मुदत म्हणजे मुदत. लॅटिनवाल्यांनी जे म्हटलं तेच, शब्दाला शब्द.

माझी तक्रार एवढीच आहे, पण ती नीट सांगायची म्हणजे मला माझ्या काउंटरवरून सुरुवात करावी लागन.

डॉक्टरची चिठ्ठी अर्धी लॅटिनमध्ये असते हे लोकांना माहीतच नाही, त्यांना वाटते ते डॉक्टरचं खराब अक्षर आहे (तेही असते, ते वेगळं). वर कोपऱ्यात जो आर असतो, पायाला आडवी रेघ मारलेला, तो म्हणजे 'रेसिपे', म्हणजे 'घे'. तुम्ही यूट्यूबवर सावजी मटनाची रेसिपी पाहता ना, तो हाच शब्द, पहिले औषधाच्या चिठ्ठीलाच इंग्रजीत रेसिपी म्हणत होते, स्वयंपाकघरात तो मागून शिरला. मग खाली गोळ्यांच्या नावापुढे बीडी, टीडीएस, एचएस, एसी, पीसी असं काय काय असते. बीडी म्हणजे बिस इन दिए, दिवसातून दोनदा. एकदा एक खोकल्याचा पेशंट आला, सोबत बायको अन् आठवीतला पोरगा. पोरगा चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागला, मधातच थांबून म्हणाला, "बाबा, डॉक्टरनं बिडी लिहिली." त्या माणसाचा चेहरा असा खुलला का विचारू नका, अन् बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घालून गोळ्या मोजत बसलो. टीडीएस म्हणजे तेर दिए सुमेन्दुम, दिवसातून तीनदा घ्यायचं, पण नोकरीवाले म्हणतात इथंही कापता का? एसी म्हणजे आन्ते सिबुम, जेवणाच्या आधी. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर, एका बाईनं मला विचारलं, "दादा, डॉक्टरसाहेबांनी एसीत बसून घ्यायला लिहिलं, आमच्याइकडे त कूलरच आहे, वाळ्याच्या ताट्या नवीन टाकल्या, तेवढ्यात चालन का?"

हे सगळं हसण्यावारी जाते. एसओएसचं गेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एक आजी, एकट्या राहतात, पोरगा पुण्याला. गुडघ्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या, एक रोजची अन् एक दुखण्याची, दुसरीच्या पुढे लिहिलं एसओएस. मी दुकानात नव्हतो, काउंटरवर नवीन पोरगा होता, त्यानं स्ट्रिपा कापून दिल्या अन् मोकळा झाला. आजी घरी गेल्या, सातवी पास आहेत, टीव्ही पाहतात, एसओएस म्हणजे जहाज बुडताना पाठवतात ते, एवढं त्यांना पक्कं माहीत. त्यांनी पुण्याला फोन लावला का डॉक्टरनं माझ्या चिठ्ठीवर धोक्याचं लिहून दिलं पण तोंडानं सांगितलं नाही. पोरगा घाबरला, बॉसला सांगून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाला, सकाळी सरळ माझ्या दुकानासमोर उतरला, पाठीवर बॅग तशीच, डोळे लाल. चिठ्ठी माझ्यासमोर धरली, बोट एसओएसवर. मी वाचलं अन् मला काय बोलावं सुचेना. म्हटलं बाबू, हे 'सि ओपुस सित' आहे, म्हणजे 'गरज पडली तर', आईचं दुखलं तर एक घ्यायची, नाही दुखलं त नाही घ्यायची, बाकी काही नाही. तो पायरीवरच बसला. चहा मागवला, घोटभर पिऊन म्हणे, "मग 'दुखलं तर' असं लिहायला काय होते हो?" माझ्याजवळ याचं उत्तर नव्हतं, आजही नाही.

जहाजवाल्यांचा एसओएस अन् आमचा एसओएस यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही बरं का. तो १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत ठरला, तीन टिंबं तीन रेघा तीन टिंबं हे ओळखायला सोपं म्हणून, त्याचा काही फुल फॉर्मच नाही, लोकांनी मागून चिकटवला. अन् गंमत म्हणजे लॅटिनचा जो घोळ गरीब माणसाला होतो तो शिकलेल्यालाही होतो. ओडी म्हणजे आमच्याकडे दिवसातून एकदा. पण डोळ्याच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे ओकुलुस देक्स्टर, उजवा डोळा. आता थेंबाच्या बाटलीपुढे नुसतं ओडी असलं त उजव्या डोळ्यात टाकायचं का दिवसातून एकदा? मी दर वेळी फोन करूनच विचारतो, लोकांना वाटते भाऊला धंदा येत नाही.

आमच्या बाजूच्या काकू शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झाल्या. त्यांना मी ही चिठ्ठीची गंमत सांगितली, त्या हसल्या नाहीत, उलट चिठ्ठीच मागून घेतली. म्हणाल्या, "अरे बिस म्हणजे आपलं द्विस्, तेर म्हणजे त्रिस्, दिए म्हणजे दिवस, अन् एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी, त्यातलं सोम्नुस म्हणजे आपलं स्वप्न, हे त सगळे मामेभाऊ आहेत." मला वाटलं काकू जोर लावून राहिल्या, पण त्यांनी सांगितलं का विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज जज्जानं १७८६ सालीच कलकत्त्यात भाषण देऊन सांगितलं होतं का संस्कृत, ग्रीक अन् लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात. म्हणजे झोपेच्या गोळीपुढे एचएस लिहिलं की तिथं स्वप्न लिहिलेलं असते. बावीस वर्षं मी स्वप्नं विकली, अन् मला पत्ता नाही.

तेव्हापासून मला छंदच लागला म्हणा ना. अन् एक लक्षात आलं, का ही लॅटिन म्हणजे काही फार मोठी विद्वान भाषा बोलून राहिली असं नाही, एकदम साधे घरगुती शब्द आहेत, आपण उगाच टाय घालून उभे राहतो त्यांच्यासमोर. पर कॅपिटा म्हणजे डोक्यागणिक. आपलं दरडोई काय वेगळं आहे? दर अन् डोई, जोडीला जोड. ॲडहॉक म्हणजे 'ह्याच्यासाठी', अन् सरकारी मराठीतलं तदर्थ म्हणजे 'त्याच्यासाठी', ह्याच्या-त्याच्यातच काय तो फरक, बाकी पगार दोघांनाही वेळेवर मिळत नाही. एक्स ग्रेशिया म्हणजे कृपेनं, दिवाळीच्या आधी तुम्हीच छापता सानुग्रह अनुदान, त्यातही तीच कृपा बसलेली आहे. आणि एट सेटरा, ज्याला आपण एक्सेट्रा म्हणतो (तो एक्स कुठून आला देव जाणे), त्यातला एट म्हणजेच 'आणि', तरी आपण म्हणतो 'आणि एक्सेट्रा', म्हणजे आणि आणि बाकीचे. पण आपण कोणत्या तोंडानं हसावं, आपलं वगैरे अरबीतून आलं, त्यातला 'व' म्हणजेही 'आणि', अन् आपणही 'आणि वगैरे' म्हणतोच.

कोर्टातला अनुभव त माझ्या खिशाला पडला. माझ्या गाळ्याच्या मालकीवरून मालकाच्या घरातच भांडण, त्यात मीही पार्टी. एक दिवस वकील साहेबांचा फोन आला, "अभिनंदन, स्टेटस को मिळाला." मी म्हटलं जिंकलो. लहान भावाला सांगितलं त तो म्हणे कोणाच्या स्टेटसला, मला दिसून नाही राहिलं, तो आपला मोबाईलमध्ये शोधू लागला. मी एक किलो पेढे आणले, चौकात वाटले, अन् नवीन शटरची ऑर्डर देऊन ॲडव्हान्सही दिला. दोन दिवसांनी वकील साहेब दुकानात आले, शटरवाला माप घेऊन राहिला होता, ते ओरडलेच, "अहो हात लावू नका, जैसे थे आहे!" अरे बाप्पा, मग पहिलेच जैसे थे म्हणायचं होतं ना! शाळेत एनसीसीत होतो, उस्ताद 'जैसे थे' म्हणाला का हात-पाय जिथं होते तिथं परत आणायचे, हे मला झोपेतही समजलं असतं. पेढे गेले, ॲडव्हान्स अर्धाच परत मिळाला. कॅव्हेटही (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा कोर्टातला अर्ज) आम्ही टाकलं होतं, त्याचा अर्थ 'त्यानं सावध राहावं', अन् ते नव्वद दिवस चालते, तेवढं मात्र त्यांनी मराठीत सांगितलं कारण पुढची फी त्यावर होती.

आता तुमच्या पेपराचं. नागपूर खंडपीठानं अमक्या गोष्टीची 'सुमोटो' दखल घेतली, हे आम्ही किती वेळा वाचतो. पहिली गोष्ट म्हणजे तो शब्द मोटो नाहीच, मोतू आहे, सुओ मोतू, म्हणजे आपल्याच हालचालीनं, आपण होऊन. आपल्याकडे तो मोटो झाला, वकील लोकही तसंच लिहितात, शाळेच्या मोटोसारखं वाटते म्हणून असन. दुसरी गोष्ट, तुम्ही 'स्वतःहून दखल' म्हटलं त काय बिघडते? एक अक्षर जास्त लागन हेडलाइनला एवढंच. आणि हेबियस कॉर्पस. संविधानाच्या मराठी प्रतीत त्याला देहोपस्थिती म्हटलं आहे, हिंदीत बंदी प्रत्यक्षीकरण, दोन्ही जड आहेत हे कबूल, पण मूळ लॅटिन किती सरळ आहे पहा, 'शरीर तुझ्याजवळ असू दे', म्हणजे धरलेल्या माणसाला कोर्टासमोर जिवंत उभं कर. आणीबाणीत १९७६ साली सुप्रीम कोर्टात, आत टाकलेल्या माणसाला हे मागता येते का, हाच प्रश्न होता, चार जज्ज 'नाही'च्या बाजूला अन् एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना 'हो'च्या बाजूला. आमच्या घरी त्या काळच्या गोष्टी निघतात तेव्हा म्हातारी माणसं मिसाबद्दल (खटल्याशिवाय आत टाकायचा तेव्हाचा कायदा) तासभर बोलतात, पण हेबियस कॉर्पस म्हटलं का गप्प होतात, त्यांना वाटते ते कोण्या माणसाचं नाव आहे.

कोणी म्हणन का हा मराठीचा कट्टर निघाला, उद्या रेल्वेला अग्निरथ म्हणायला लावन. नाही हो. मी बस म्हणतो अन् बसच म्हणत राहीन. तुम्हाला बसची गोष्ट माहीत आहे का? मला काकूंनी सांगितली तेव्हा मी हातातलं काम सोडलं. मूळ शब्द ओम्निबुस, लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. फ्रान्समध्ये अशा घोडागाड्या निघाल्या, मग १८२९ साली लंडनमध्ये सुरू झाल्या, अन् लोकांनी पुढचा सगळा शब्द खाऊन शेपूट तेवढी ठेवली, बस. ती शेपूट म्हणजे नुसता विभक्तीचा प्रत्यय आहे! शाळेत आपण घोकायचो ना, चतुर्थी, स ला ते, स ला ना ते, त्यातलं ते 'ना'. म्हणजे सीताबर्डीवर आपली बसची वाट पाहत उभा असलेला माणूस खरं म्हणजे 'ना'ची वाट पाहून राहिला असतो, अन् बऱ्याच वेळा तीच मिळते. असा शब्द कोण बदलते? तसंच एसटीच्या पाटीवर 'अमरावती मार्गे' असते, अन् ट्रॅव्हल्सवाला ओरडतो 'व्हाया अमरावती', काकू म्हणतात दोन्हीचं व्याकरण एकच, व्हाया म्हणजे रस्त्यानं अन् मार्गे म्हणजेही रस्त्यानं, दोन्हीत शब्द एकच अन् त्याची विभक्ती. दोन्ही चालू द्या. कॉलेजात बोनाफाईड मागायला लाइनीत उभ्या असलेल्या पोराला त्याचा अर्थ 'चांगल्या विश्वासानं' होतो हे माहीत नसलं तरी त्याचं काही अडत नाही, त्याला शिक्का पाहिजे, तो मिळतो (दुसऱ्या दिवशी या असं सांगून). घड्याळातले एएम-पीएम चालू द्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबून त्याच सात माणसांत मीटिंग घेतात तेही चालू द्या, तिथं गणपूर्ती म्हटलं म्हणून आठवा माणूस येणार नाही.

पण जिथं वाचून माणसाला काही करायचं असते तिथं नको. गोळी घ्यायची का नाही, शटरला हात लावायचा का नाही, कोर्टात जायचं का नाही, तिथं लॅटिनला देवनागरीचा कुर्ता घालून उभं करू नका. तुमच्याकडे आरोग्याचं पान असते दर आठवड्याला, त्यात एकदा चिठ्ठी कशी वाचायची हे छापा, बीडी एसी एसओएस सगळं, काकू अन् मी दोघं बसून लिहून देतो, मानधन नको. कोर्टाच्या बातमीत सुमोटोच्या जागी स्वतःहून लिहा, स्टेटस कोच्या जागी जैसे थे, जे तुम्ही पूर्वी लिहीतच होते, मला आठवते, हे दहा-बारा वर्षांत कोणी नवीन पोरं आले का काय तुमच्याकडे? अन् अधिवेशन संपलं का 'सूप वाजलं' असं लिहायचे तुम्ही, ते किती छान होतं, काकांनाही समजत होतं. डिसेंबरात परत अधिवेशन येईन, १९५३ च्या नागपूर कराराची कृपा, तेव्हा पाहतो मी काय छापता ते.

डॉक्टर लोकांनाही सांगायचं आहे पण त्यांना पत्र लिहिण्यापेक्षा मी चिठ्ठीवरच लिहितो. आता दुकानात मार्कर ठेवला आहे, प्रत्येक स्ट्रिपवर मराठीत लिहून देतो, सकाळी, रात्री, जेवणाआधी, दुखलं तरच. नवीन पोराला पण ताकीद दिली. वेळ लागते, लाइन लागते, गिऱ्हाईक बडबडतात, पण लिहितो.

आपला,
एक मेडिकलवाला वाचक,
नागपूर

ता.क. पत्र टाइप करताना मुलगी म्हणे बाबा इथं पीएस लिहा, ते पण लॅटिनच आहे, पोस्ट स्क्रिप्टुम, लिहिल्यावरचं. म्हटलं ता.क.च राहू दे. तर गोष्ट अशी का त्या गुडघ्यावाल्या आजी काल दुकानात येऊन गेल्या, स्ट्रिप तशीच, एकही गोळी कमी नाही. म्हटलं आजी, दुखलं नाही का? म्हणे मागच्या आठवड्यात खूप दुखलं रे बाबा, पण तू नुसतं 'दुखलं तरच' लिहिलं, किती दुखलं का घ्यायची ते कुठं लिहिलं?